शुक्रवारची प्रत

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडला, त्याला संस्थेची काळी डिस्क जोडली आणि सगळ्यात अलीकडच्या शुक्रवारचा फोल्डर उघडला. आत एकच चिन्ह होतं आणि त्याच्या कोपऱ्यात एक छोटा वाकडा बाण. ते उघडायला गेलो तर कॉम्प्युटरने अतिशय सभ्य भाषेत कळवलं की तुम्ही जे शोधताय ते इथे नाही. मी त्याआधीचा शुक्रवार उघडला. बाण. त्याआधीचा. बाण. एकशे एकोणपन्नास शुक्रवार होते, प्रत्येकावर मी स्वतःच्या हाताने तारीख घातलेली, आणि प्रत्येकात एक बाण, शेजारच्या बाणासारखाच वाकडा, आज्ञाधारक. सगळ्यांचं मिळून वजन आईच्या फोनमधल्या भोपळ्याच्या फोटोपेक्षा कमी भरलं. आई ओटा पुसत होती. ती म्हणाली, "तोंड का असं? आमटी खारट झाली होती ना? मग जेवताना सांगायचं, आत्ता दोन तासांनी तोंड वाकडं करून काय उपयोग." मी म्हणालो, आमटी चांगली होती. आमटी खरंच चांगली होती. त्या घरात त्या वेळी चांगली असलेली ती एकमेव गोष्ट होती आणि ती संपलेली होती.

बाणाचा अर्थ मला कळत होता, आणि तो कळण्याचाच मला पगार मिळतो. बाण म्हणजे वस्तू नव्हे, वस्तूकडे जायचा रस्ता. पाहुण्याला घरी आणायचं सोडून त्याचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी सोफ्यावर ठेवायची आणि तीन वर्षं तिला चहा विचारायचा, असं मी केलं होतं. तेही बेजबाबदारपणे नाही. दर शुक्रवारी पाच वाजता प्रत काढली की मी ती उघडून तपासायचो. उघडली की सगळी पुस्तकं समोर ओळीने दिसायची. दिसणारच, ऑफिसात बसून उघडल्यावर बाण भिंतीपलीकडच्या मूळ मशीनकडे बोट दाखवायचा आणि मला वाटायचं, वा, प्रत काय सुंदर निघाली आहे, अगदी मुळासारखी. मग मी डिस्क फडक्यात गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवायचो, कुलूप लावायचो आणि कुलूप ओढून बघायचो. कुलूप नेहमी नीट लागलेलं असायचं. कुलपाच्या बाबतीत माझ्यावर कुणी बोट ठेवू शकणार नाही. डिस्क घरी आणायची वेळ एकदाही आली नव्हती, आणि आत्ता आली तीही एवढ्यासाठी की नवा सर्व्हर विकणाऱ्यांच्या अर्जात एक रकाना होता: तुमच्याकडे एकूण माहिती किती? तो भरायला मी बसलो होतो. आई फडकं पिळत म्हणाली, "गुरुवारी साडेआठला गळ्याच्या ऑपरेशनला न्यायचंय मामाला. तू येशील ना? का तुझं ते कॉम्प्युटरचं लग्न आहे?" मी म्हणालो, येईन. "डॉक्टर म्हणाले, आवाज राहिला तर राहिला. असं कुणी बोलतं का? राहिला तर राहिला. जणू पाव्हणा आहे."

आमची संस्था डोळ्यांनी वाचता न येणाऱ्यांसाठी पुस्तकं वाचून ठेवते. तीन खोल्या, खाली छपाईचं दुकान, वर आम्ही. दुपारी खालचं यंत्र सुरू झालं की आमचे वाचक थांबतात आणि यंत्र थांबलं की पुढे वाचतात, त्यामुळे आमच्या काही पुस्तकांत लेखकाने जिथे श्वास घेतला नव्हता तिथे श्वास आहेत. वाचायची खोली म्हणजे आतून गाद्या लावलेलं, एका बाजूला काच असलेलं एक मोठं कपाट. सर्व्हर न्हाणीघरात, कारण इमारतीत सगळ्यात थंड जागा तीच. नळांना चिकटपट्टी लावली आहे आणि फरशीवर एक उंच स्टूल, त्यावर मशीन. त्याला सगळे थोरले म्हणतात. थोरल्यांमध्ये शाळा-कॉलेजच्या धड्यांपासून गोष्टींपर्यंत तीनशे ऐंशी पुस्तकं आहेत, नऊ जणांच्या आवाजात, आणि त्यातली एक्केचाळीस मामाच्या. मामा बसच्या मोठ्या स्थानकावर घोषणा करायचा. एकतीस वर्षं अख्ख्या शहराने त्याचं ऐकलं आणि कुणी त्याला ओळखत नव्हतं. लहानपणी आईबरोबर तिथे गेलो की वरून कर्ण्यातून आवाज यायचा, "चार नंबर फलाटावरील निळ्या शर्टातल्या मुलाने नाक पुसावे," आणि शंभर माणसं आपापलं नाक चाचपायची. त्यांच्यात निळा शर्ट एकट्या माझाच असायचा. निवृत्त झाल्यावर तो संस्थेत वाचायला लागला, आणि मी कुठेच चिकटत नाही हे पाहून मलाही घेऊन आला. अध्यक्षबाईंनी आधी माझा आवाज तपासला. त्यांना जन्मापासून दिसत नाही. एक पान ऐकून त्या म्हणाल्या, "याचं वाचन ऐकून आमच्यातला माणूससुद्धा डोळे मिटून घेईल. याला मशीनवर बसवा."

मशीनवर बसणं म्हणजे मुख्यतः टाळ्या कापणं. आमच्याकडे रीत अशी आहे की वाचताना चुकलं तर थांबायचं, एक टाळी वाजवायची आणि ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचायचं. पडद्यावर आवाजाची जी रेघ दिसते तिच्यात टाळी सुळक्यासारखी उभी राहते. मला नुसत्या नजरेने सापडते. मी सुळका शोधतो, त्याच्या अलीकडचं चुकलेलं वाक्य आणि टाळी दोन्ही कापतो आणि कडा जुळवतो, की ऐकणाऱ्याला कधी कळू नये इथे कुणी चुकलं होतं. मामाने ही रीत घरी नेली. बोलताना काही चुकलं की टाळी. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात माइकवर त्याने नवऱ्या मुलाचं नाव चुकीचं घेतलं, भर मांडवात एक टाळी वाजवली आणि वाक्य पहिल्यापासून म्हटलं. लोकांना वाटलं टाळ्या वाजवायच्या आहेत, सगळ्यांनी वाजवल्या. कापलेल्या टाळ्या टाकून देणं माझ्या जिवावर यायचं. मामाच्या चुका मी माझ्या फोनमध्ये साठवत गेलो, त्याच्या सत्तरीला सगळ्या जोडून ऐकवू म्हणून. सहाशे बारा झाल्या होत्या. सोमवारी सकाळी बसमध्ये खिडकीशी बसून, कानात तारा घालून मी त्या एकामागून एक ऐकत होतो, आणि तेव्हा डोक्यात आलं की मामाच्या आवाजातलं खरोखर सुरक्षित असं जगात एवढंच आहे. बरोबर वाचलेलं सगळं त्या न्हाणीघरात स्टुलावर बसलं होतं, आणि चुकलेलं सगळं माझ्या खिशात.

सोमवारी मी थोरल्यांशेजारी उलट्या बादलीवर बसून मूळ फोल्डर खरोखर उचलून काळ्या डिस्कवर टाकला. चार मिनिटं ठीक चाललं. मग आतून टक् टक् असं यायला लागलं, कुणीतरी आत कोंडलं गेलंय आणि फार आशा न ठेवता दार वाजवतंय तसं, आणि पडदा गोठला. बंद करून पुन्हा सुरू केल्यावर थोरले पंधरा मिनिटांनी भानावर आले. मी दुरुस्तीवाल्याला फोन केला. त्याने फोन मशीनला लावायला सांगितला, ऐकलं आणि म्हणाला, "साहेब, हिची आता एकच खेप होणार. सगळं एका दमात काढा. मध्ये थांबवून पुन्हा विचारायला गेलात तर ती उत्तर देणार नाही. आणि जे नक्की पाहिजे ते आधी काढा, काय?" मी विचारलं, नक्की पाहिजे म्हणजे? तो म्हणाला, "ते मी कसं सांगू? माझं काय आहे त्यात?" दुपारी मधमाशीवाल्यांचा फोन आला. दिसत नाही तरी त्यांच्याकडे अकरा पेट्या आहेत; माश्यांचा सूर बदलला की त्यांना कळतं राणी गेली. मामाने त्यांच्यासाठी मधमाशीपालनाची चोपडी वाचली होती आणि आमचं पुस्तक ऐकणाऱ्याच्या फोनमध्ये महिनाभरच टिकतं, म्हणून ते दर थंडीच्या तोंडावर ती पुन्हा मागवतात. "माझ्या फोनमधून गेली बघा पोरा, परत पाठव. पेट्या बंद करायच्यात." पाठवतो, म्हणालो, आणि पाठवली नाही, कारण मला थोरल्यांना काहीही विचारायची भीती वाटत होती. मग मी उरलेला दिवस एक उत्तम अहवाल लिहिण्यात घालवला: लहान संस्थेसाठी सर्व्हर, तीन पर्याय. माझा बेत असा होता की मंगळवारच्या बैठकीत समितीने नवीन मशीन पसंत करावं. मग जुन्यातून नव्यात जाणं हे रीतसर काम होईल, आणि त्यात थोरले गेले तर ते वयाने गेले असं सगळे म्हणतील. बाणांचं कुणाला कळणार नाही. हा बेत भ्याडपणाचा आहे हे मला दिसत होतं. अहवालात मात्र मी समासही सोडला होता.

बैठकीला चौघं. अध्यक्षबाई, मामा, गळ्याला मफलर, आमच्या सगळ्यांत जुन्या वाचक, ज्यांना आम्ही वाचकमावशी म्हणतो, आणि एक निवृत्त कारकून, ज्यांना माघारी सगळे स्थगितीकाका म्हणतात, कारण ते कुठल्याही प्रश्नावर, पंख्याच्यासुद्धा, पुढच्या महिन्यात विचार करू म्हणतात, आणि आमच्याकडे एकाचाही नकार असला तर ठराव होत नाही. अहवाल वाचून दाखवायचा होता. मी घसा खाकरल्यावर अध्यक्षबाई घाईने म्हणाल्या, "तू नको रे. मामांना दे." मामाने चष्मा चढवला. त्याचा आवाज त्या आठवड्यात मधूनमधून फाटायचा, जुन्या चादरीसारखा, पण वाचायला लागला की फाटलेलासुद्धा सरळ रेषेत फाटायचा. "पर्याय पहिला," तो म्हणाला आणि थांबला, आणि त्या थांबण्यात पहिल्या पर्यायाला एक भूतकाळ मिळाला. "नवीन सर्व्हर इथेच ठेवावा. त्यात दोन तबकड्या असतील. जे एकीवर लिहिलं जाईल तेच त्याच क्षणी दुसरीवर लिहिलं जाईल. एक गेली, तरी दुसरी काम करत राहील." वाचकमावशींनी पदर डोळ्यांना लावला. "पर्याय दुसरा. सर्व काही दूरच्या, भाड्याच्या सर्व्हरवर ठेवावं, ज्याला ढग म्हणतात. तो कुठे आहे हे आपल्याला कळणार नाही." अध्यक्षबाई म्हणाल्या, "ढग मी काही पाहिलेला नाही. पण पाहिलेले सांगतात की तो राहत नाही." "पर्याय तिसरा," मामा म्हणाला, "आहे ते तसंच चालू ठेवावं," आणि हे त्याने अशा सुरात वाचलं की मला वाटलं आता याच्यापुढे कुणी काही बोलूच नये.

स्थगितीकाका बोलले. "चांगलं लिहिलंयस. अगदी खोलात गेलायस. पण घाई कशाला म्हणतो मी? पुढच्या महिन्यात शांतपणे बसू. थोरले तर चालतायत." "घरघरतायत," अध्यक्षबाई म्हणाल्या. "गेल्या आठवड्यात असे घरघरत नव्हते. मला इथून ऐकू येतंय." "अहो, घरघरू देत. शुक्रवारची प्रत आहेच ना कपाटात? हा पोरगा एक शुक्रवार चुकवत नाही. मी स्वतः बघतो, कुलूप ओढून जातो." सगळे माझ्याकडे बघून हसले. अध्यक्षबाई बघू शकत नव्हत्या, त्यांनी कान वळवला. "प्रत आहे ना रे?" मी म्हणालो, "हो. शुक्रवारची प्रत कपाटात आहे." आवाज माझा होता, चांगला नव्हता, पण स्पष्ट होता. स्थगितीकाका म्हणाले, "मग झालं तर. पुढच्या महिन्यात," आणि पेनाचं टोपण लावायला लागले. मला ते टोपण दिसत होतं, निळं, त्याच्या टोकाला दातांचे व्रण. भिंतीपलीकडून थोरल्यांची टक् ऐकू येत होती. आणि मामा अहवालाचे कागद टेबलावर आपटून कडा जुळवत होता, तसंच जसं मी जुळवतो, की मध्ये काही कापलंय ते कळू नये. परवा या वेळेपर्यंत त्याच्या गळ्याचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. मग पुढच्या महिन्यात तो याच खुर्चीत बसेल, आणि थोरले गेलेले असतील, आणि मी कुलूप ओढून बघत असेन. माझे हात टेबलाखाली होते. ते मी वर काढले आणि टाळी वाजवली.

एकच. त्या खोलीत तिचा अर्थ न कळणारं कुणी नव्हतं. टोपण अर्ध्यावर थांबलं. मी वाक्य पहिल्यापासून घेतलं. "शुक्रवारची प्रत कपाटात नाही. कधीच नव्हती. एकशे एकोणपन्नास शुक्रवारी मी नुसता रस्ता दाखवणारा बाण कॉपी केला, पुस्तकं नाही. जे आहे ते फक्त थोरल्यांमध्ये आहे, आणि ते जातायत. हे मला रविवारपासून माहीत आहे." खाली छपाईचं यंत्र सुरू झालं, आणि सवयीने सगळे ते थांबायची वाट बघत बसले. थांबल्यावर मामा मफलर सैल करत म्हणाला, "'रविवारपासून' गिळलंस. ते पुन्हा घे." मी पुन्हा घेतलं. "रविवारपासून." "हां," तो म्हणाला, आणि मग दुसरीकडे बघायला लागला. मला वाटलं होतं तो चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं.

चिडल्या त्या वाचकमावशी. "तीन वर्षं? अरे, माझ्या गुडघ्याची वाटी झिजली त्या गाद्यांच्या कपाटात बसून! आणि तू बाण गोळा करत होतास? धनुष्य कुठाय?" अध्यक्षबाई त्यांना म्हणाल्या, "नंतर. रागवायला महिना आहे." मग मला, "आत्ता काय करता येतं?" मी दुरुस्तीवाल्याचं सांगितलं. एकच खेप, एका दमात, आणि जे नक्की पाहिजे ते आधी. अकरा-बारा तास लागतील, तेवढे थोरले टिकले तर. काय आधी घ्यायचं ते ठरवावं लागेल. कुणीच मामाकडे बघत नव्हतं, आणि एखाद्याकडे चौघांनी मिळून न बघणं त्या छोट्या खोलीत फार अवघड जातं. वाचकमावशी हळूच म्हणाल्या, "मामांची आधी घ्यावीत. बाकीचे आम्ही काय, परत वाचू. आमचे गळे शाबूत आहेत." "शाळेच्या पोरांची परीक्षा कधी?" मामाने विचारलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "पाच आठवड्यांनी." "पाच आठवड्यांत किती वाचून होतील परत? शाळेची सगळी?" "चार. फार तर पाच." "आणि आहेत किती?" "नव्वद." मामा म्हणाला, "मग शाळेची आधी. मग कॉलेजची. गोष्टी, चोपड्या, माझी सगळी शेवटी. विज्ञान अडलंय पोरांचं आणि आपण म्हातारे राणीमाशीची चोपडी कुरवाळत बसणार का?" हे बोलताना आवाज फाटला. स्थगितीकाकांनी टोपण काढलं. "माझी हरकत नाही," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाले असावेत, कारण नंतर त्यांनी पाणी मागितलं. सर्व्हरचा ठरावही तिथेच झाला, दोन मिनिटांत: एक इथे, दोन तबकड्यांचा; एक प्रत ढगात; आणि अध्यक्षबाईंनी शेवटी एक ओळ घालायला लावली, की दर महिन्याला कुणीतरी एक पुस्तक त्या प्रतीतून काढून, संस्थेच्या बाहेर बसून, कानांनी ऐकायचं. "उघडलं, दिसलं, असलं चालणार नाही. दिसण्याचं मला काही सांगू नका."

यादी लावून मी खेप सुरू केली तेव्हा साडेपाच वाजले होते. बुधवारी सकाळी आठला न्हाणीघराचं दार उघडलं तर आत इतकं शांत होतं की नळाची चिकटपट्टी सुटून एक थेंब पडायच्या बेतात होता तेही ऐकू आलं असतं. शाळेची नव्वद आली होती. कॉलेजची आली होती. इतरांच्या गोष्टी आल्या होत्या. मामाची एक्केचाळीसपैकी तीस. मी ती काळी डिस्क खाली छपाईवाल्याकडे नेली, त्याच्या कॉम्प्युटरला लावली आणि प्रत्येक पुस्तक मधूनच कुठेतरी ऐकून पाहिलं. त्याला वाटलं मला वेड लागलंय, आणि त्याने मला स्टूल दिलं. न आलेल्या अकरांत एक प्रवासवर्णन होतं, दोन कादंबऱ्या, एक तारे ओळखण्याचं पुस्तक, जे का वाचून घेतलं होतं कुणास ठाऊक, आणि मधमाशीपालन. या अकरांचं आता जगात उरलं होतं ते माझ्या फोनमध्ये, एकेक चुकलेलं वाक्य आणि टाळी. नऊ वाजता मामा आला. मी काही सांगायच्या आतच त्याने विचारलं, "किती गेली?" अकरा म्हणालो. त्याने यादी मागितली, बोट फिरवत खाली आला आणि थांबला. "ही एकशे चार पानांची आहे. आज होते. गाद्यांचं कपाट उघड."

दिवसभर तो वाचत होता. मी काचेच्या या बाजूला. छपाईवाल्याला सांगून यंत्र बंद ठेवलं होतं. चारपर्यंत ठेवतो म्हणाला होता, त्यालाही पोट आहे. पेटी कशी निवडावी. मधाच्या पोळ्यांची आखणी. राणी कशी ओळखावी. मामा दर पानाला कोमट पाण्याचा घोट घ्यायचा आणि दुपारनंतर दर परिच्छेदाला. सूर खाली खाली गेला, मग खरखरीत झाला, मग त्यात नुसती हवा जास्त यायला लागली, पण चूक एकही नाही. सकाळपासून रेघेवर एकही सुळका नव्हता. मला त्याला थांबवायचं होतं. उद्यासाठी ठेव म्हणावं, असं किती वेळा वाटलं, पण उद्यासाठी म्हणजे कशासाठी ते मला माहीत नव्हतं. चारला दहा कमी असताना शेवटचं पान आलं. शेवटचं वाक्य होतं, थंडी पडल्यावर पेटी अजिबात उघडू नये, आतल्या उबेवर सगळे जगतात. मामाची नजर वरच्या, उन्हाळ्याच्या ओळीवर गेली असावी. तो म्हणाला, "थंडी पडल्यावर पेटी रोज उघडून पाहावी," आणि थांबला. टाळी वाजवली. तोंड उघडलं. काचेतून मला त्याचे ओठ दिसत होते, थंडी, थंडी, आणि रेघ सपाट. तो पाणी प्यायला. पुन्हा ओठ हलले. मग त्याने पुस्तक उघडंच पालथं टेबलावर ठेवलं, माझ्याकडे बघून खांदे उडवले, आणि कपाटाचं दार उघडून उभा राहिला, एका हाताने मला आत बोलावत.

मी मानेने नाही म्हटलं. त्याने भुवया चढवल्या. निळ्या शर्टातल्या मुलाकडे तो असाच बघत असणार, वरून, कर्ण्यामागून. मी आत गेलो. गाद्यांना त्याच्या खोकल्याच्या औषधाचा वास येत होता. मी वाक्य पहिल्यापासून वाचलं, माझ्या आवाजात, ज्याच्यापुढे माणसं डोळे मिटतात.

नवीन सर्व्हर आठ दिवसांनी आला. मामा तेव्हा घरी होता, गळ्याला पट्टी, पाटीवर लिहून आईशी भांडत. न्हाणीघरात उंच स्टुलावर मी सर्व्हर ठेवला आणि त्यावर पहिलं पुस्तक चढवलं ते मधमाश्यांचं. कापायची जागा मला दिसत होती. सुळका एकटाच उभा होता, रेघेच्या अगदी शेवटी. मी त्याला हात लावला नाही. मग ढगातली प्रत फोनवर उतरवून घेतली आणि ठरल्याप्रमाणे संस्थेच्या बाहेर, समोरच्या बसथांब्यावर जाऊन शेवटची दोन मिनिटं ऐकली. मामा म्हणतो, पेटी रोज उघडून पाहावी. टाळी. मग बराच वेळ काही नाही, कपाटाच्या दाराचा आवाज, कुणीतरी आत आल्याचा, आणि एक अत्यंत वाईट आवाज सांगतो की उघडू नये. मी ते मधमाशीवाल्यांना पाठवलं. संध्याकाळी त्यांचा फोन आला. म्हणाले, "मिळालं. शेवटी तो दुसरा माणूस कोण आहे रे? सर्दी झालीय का त्याला?" मी म्हणालो, मी आहे. पाठीमागे माश्यांचा आवाज होता, एकसारखा. "बरं," ते म्हणाले, "मग नाही उघडत."